तारीखवार लावलेली फाइल

जानेवारी लागली की आमच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "सर, यंदा हुरड्याला कुठं?" विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. सोलापुरात राहायचं आणि जानेवारीत हुरडा खायचा नाही, हे कुणाला पटणार? पण माझं डोकं फिरतं. मी चहा अर्धा ठेवून उठतो आणि रिकाम्या वर्गात जाऊन बसतो. घरी बायको तर कॅलेंडर न बघता सांगते, "संक्रांत आली वाटतं. आता महिनाभर तुम्ही येईल जाईल त्याच्या अंगावर धावणार." मी म्हणतो, मी कुठं धावतोय. तर ती म्हणते, "आत्ता कुणाच्या अंगावर ओरडलात मग?"

तिचं खरं आहे. मला हा महिना सोसत नाही. आम्ही राहतो त्या जुळे सोलापूर भागात गल्लीच्या टोकाला गाड्यावर कणसं येतात, संध्याकाळी शेकोटीचा धूर गॅलरीत शिरतो, आणि त्या धुरात मला आयोडिनचा वास येतो. बायको म्हणते, काहीतरीच तुमचं. असेल काहीतरीच. पण येतो.

त्यात आमच्या अभ्यासक्रम लावणाऱ्यांची कृपा अशी, की मूल्यसाखळीचा धडा बरोबर याच महिन्यात येतो. मी वाणिज्य शिकवतो. सोलापूरच्या पोरांना हा धडा शिकवायला पुस्तकातला परदेशी मोटारीचा कारखाना कशाला पाहिजे? निम्म्या पोरांच्या घरात कुणीतरी मागावर काम केलेलं असतं. सूत येतं, रंगतं, बॉबिनवर चढतं, मागावर जातं, चादर निघते, काठ शिवले जातात, घडी पडते, दुकानात जाते. प्रत्येक ठिकाणी मालात काहीतरी भर पडली पाहिजे. जिथं भर पडत नाही, माल नुसता इकडून तिकडं फिरतो नाहीतर पडून राहतो, तिथं बोट ठेवायचं. मग मी विचारतो, "भर पडली की नाही हे ठरवणार कोण?" पोरं म्हणतात, मालक. मी म्हणतो, "चुकलं. थंडीत जो ती चादर अंगावर घेणार, तो." एवढं बोलून मी खडू टेबलावर टाकतो. वर्षानुवर्षं टाकत आलोय. तेवढा नाटकीपणा माझ्यात आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत हुरड्याचं निमंत्रण मीच दिलं होतं. स्टाफमधले सात-आठ जण घेऊन मी आक्काच्या रानात गेलो. आक्का माझी थोरली बहीण. जेऊर स्टेशनपासून तासाभराच्या चालीवर तिची जमीन. आई लवकर गेली, त्यामुळे मला अंघोळ घालण्यापासून शाळेच्या फाटकात ढकलण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. माझे साहेबलोक येणार म्हणून तिनं दोन दिवस आधी गूळभेंडी ज्वारीची कणसं हेरून ठेवली होती. आगटी पेटवलेली, शेंगदाण्याची चटणी वाटलेली, मडक्यात दही. ऊन असं कोवळं, की उठावंसं वाटत नव्हतं. हातावर गरम कणीस चोळलं की हिरवे दाणे तळव्यात पडायचे आणि बोटं भाजायची. आमचे प्राचार्यसुद्धा मांडी घालून घोंगडीवर बसले आणि बोटं चाटत राहिले.

आक्का मात्र बसली नाही. कणसं आणायला रानात, चटणी आणायला वस्तीवर, पाणी आणायला विहिरीवर. आणि सगळं अनवाणी. पीक उभं असताना ती रानात चप्पल घालत नाही. रान म्हणजे लक्ष्मी, तिच्या अंगावर चप्पल घेऊन कसं चालायचं, असं तिचं म्हणणं. साखरेचा आजार अंगात घर करून बसलेला, डॉक्टरांनी अनवाणी चालू नका म्हणून हज्जारदा सांगितलेलं. ती डॉक्टरांपुढं मान हलवायची आणि बांधावर आल्यावर चपला काढून हातात घ्यायची. त्या चपला मी तिला सोलापुरातून आणलेल्या होत्या. हातात घेऊन घेऊन त्यांचे पट्टे झिजले, तळ नवाच राहिला.

बाजूच्या तुकड्यातली तूर नुकतीच काढली होती. तुरीचं धसकट म्हणजे खिळाच. घोंगडीच्या कडेला रक्ताचे ठसे आमच्या एका मॅडमना दिसले. "ताई, तुमच्या पायातून रक्त येतंय." आक्कानं पाय वर करून बघितला. "आसू द्या की. टोचलं आसंल कायतरी. मला तर कळलं बी न्हाई." यावर मी काय म्हणालो असेन? पाहुण्यांना हसवायला मी म्हणालो, "आमच्या आक्काला काटा टोचला तर दुखतं ते काट्याला." सगळे हसले. आक्काही हसली. टोचलेलं न कळणं हाच तो आजार, हे त्या घोंगडीवर बसलेल्या दीड डझन पदव्यांना सुचलं नाही.

मग हळद झाली, तेल झालं, गावातल्या पट्टीवाल्याची पट्टी झाली. दहा-बारा दिवसांनी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, बोलायला तसे कंजूष. म्हणाले, "बापू, पाय सुजलाय. आंगठा काळा पडाय लागलाय. तुमी बगा." दारात दुभती गुरं असलेला माणूस वस्ती सोडून हलू शकत नाही. म्हणून मी बघायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी आक्का रेल्वेनं सोलापूरला आली, माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. बिल्डिंगला लिफ्ट नाही. मी तिला पाठुंगळी घेऊन जिना चढलो. ती वाटेत म्हणत होती, "लई वजन हाय का रं माजं?" आणि मी तिच्यावरच खेकसत होतो, "चपला घालायला काय धाड भरली होती तुला?"

दवाखान्याचं नाव सांगत नाही. वाईट दवाखाना नव्हता तो, हेच तर दुखणं आहे. तिथं प्रत्येक माणूस आपलं काम करत होता. केसपेपरच्या खिडकीतली बाई मान वर न करता भराभर केसपेपर लिहायची. रक्त घेणारा एका टोचण्यात शीर पकडायचा. एक्स-रेवाला फोटो स्वच्छ काढायचा. औषधाच्या खिडकीवरचा माणूस गोळ्या मोजून, कधी घ्यायच्या ते दोनदा सांगून द्यायचा. कुणालाही नाव ठेवायला जागा नाही. पण एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत काय होतं, ते बघायला कुणी नव्हतं. तिथं मी होतो. रक्ताचा कागद घेऊन मी, एक्स-रेचं पाकीट घेऊन मी, शिक्का राहिला म्हणून परत जाणारा मी.

एके दिवशी ड्रेसिंग रूममध्ये आक्काच्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला, काडी काचेच्या नळीत घातली आणि नळी माझ्या हातात दिली. "लॅबमध्ये देऊन या." लॅब पलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. माणूस नाही का न्यायला, असं मी विचारलं. "आहे, पण तो जेवायला गेलाय. तुम्ही तर मोकळेच आहात." मी मोकळाच होतो. बहिणीचा पू दोन्ही हातांत धरून, समोरून येणाऱ्यांना "सरका, सरका" म्हणत, एक पीएच.डी. झालेला माणूस जिना चढला. लॅबवाल्यानं नळी घेतली आणि विचारलं, "चिठ्ठी?" चिठ्ठी ड्रेसिंग रूममध्येच राहिली होती. मी पुन्हा उतरलो.

त्या जिन्यावर मला माझा धडा आठवला. आठवला कसला, डोक्यात घुसला. बाकावर बसून मी एका कागदामागं आकृती काढली. खिडकी, बाण, बाक, बाण, डॉक्टर, बाण, लॅब. कुठं किती वेळ गेला ते लिहिलं. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं, बाकावर पाऊण सकाळ. या सगळ्यात आक्काच्या पायात भर कुठं पडली? ड्रेसिंगच्या टेबलावर थोडी, औषधाच्या गोळीत थोडी. बाकी सगळी फिराफिर. प्रत्येक खिडकी आपला शिक्का मोजत होती, जखम भरतेय का ते कुठलीच खिडकी मोजत नव्हती. मला इतका संताप आला आणि खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली. यावर लेख लिहायचा असं मी तिथंच ठरवलं. शेजारी बसलेल्या माणसाला मी आकृती समजावूनही सांगितली. तो म्हणाला, "बरोबर आहे साहेब, पण नंबर कितवा चालू आहे?"

अक्कलकोटकडचा एक म्हातारा रोज दिसायचा. एकटाच. हातात घामानं मऊ झालेला कागद, आणि दिसेल त्याला विचारायचा, "एल्ली? एल्ली?" कुठं जायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं. कानडी मला येत नाही. त्याचा कागद वाचून मी त्याला हाताला धरून एक्स-रेच्या दारात नेऊन बसवायचो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच, नवा कागद घेऊन. त्याचं काय दुखत होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग एक दिवस तो दिसला नाही. बरा झाला की कंटाळून गावी गेला, कोण जाणे. ज्याच्या मागं पळणारं माणूस नाही त्यानं इथं आजारीच पडू नये, असं मी त्या दिवशी आक्काला तावातावानं म्हणालो. आक्का म्हणाली, "मला हाय की माणूस."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी आणखी जोरात कामाला लागलो. आक्काचे कागद तिच्या कापडी पिशवीत कोंबलेले असायचे. रक्ताचा अहवाल शेंगदाण्याच्या पुडीला चिकटलेला, औषधाची चिठ्ठी चुरगळलेली. मला ते बघवेना. स्टेशनरीच्या दुकानातून मी निळी फाइल आणली, आत प्लॅस्टिकचे कप्पे असलेली. बायको जेवायला हाका मारत होती आणि मी जमिनीवर सगळे कागद पसरून तारीखवार लावत होतो. पहिल्या दिवसाचा कागद पहिल्या कप्प्यात, दुसऱ्या दिवसाचा दुसऱ्यात, ताजा कागद सगळ्यात शेवटी. आतल्या बाजूला अनुक्रमणिका चिकटवली. आयुष्यभर मी असंच लावत आलोय. वही पहिल्या पानापासून सुरू होते, माणूस पहिल्या पानापासून वाचतो. यात शिकवण्यासारखं काय आहे?

दवाखान्यात त्या फाइलीचं फार कौतुक झालं. केसपेपरवाली बाई म्हणाली, "अशी सगळ्यांनी ठेवली तर किती बरं होईल." मी बाकावरच्या दोघा-तिघांना अशी फाइल कुठं मिळते तेही सांगितलं.

पुवाचा अहवाल चार दिवसांनी मिळाला. तो आणायलाही मीच गेलो. कागदावर औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढं खूण. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ते बघायचं काम डॉक्टरांचं, असं म्हणून मी तो फाइलीच्या शेवटच्या कप्प्यात ठेवला आणि अनुक्रमणिकेत नोंद केली.

ओपीडीत डॉक्टर होते ते तरुण. डोळे तांबारलेले, दारात रांग. "पुवाचा रिपोर्ट आला का?" "आलाय सर. फाइलमध्ये लावलाय." त्यांनी फाइल उघडली. पहिला कप्पा समोर आला. त्यात पहिल्या दिवसाचा कागद, त्यावर पहिलं औषध. त्यांनी त्यावरून नजर फिरवली, पायाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "ठीक आहे. हेच चालू ठेवा, आठ दिवस." मी धन्यवाद म्हणालो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. फाइल उघडली, वरचा कागद बघितला, हेच चालू ठेवा. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, बाकी काही म्हण, फाइल नीट असली की डॉक्टरांचाही वेळ वाचतो.

वेळ वाचला. आक्काचा पाय मात्र वास मारायला लागला. ती म्हणायची, ठणका न्हाई, मग काय काळजी. रात्री तिच्या अंगात कणकण असायची आणि सकाळी ती उठून बायकोला भाजी निवडून द्यायची.

ड्रेसिंग रूममधल्या पद्मा सिस्टर पन्नाशीच्या, साडीवर पांढरा कोट. घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलायच्या, पेशंटशी मराठीत, आणि रागावल्या की कुठल्याच भाषेत नाही, नुसत्या गप्प व्हायच्या. त्या दिवशी पट्टी सोडल्यावर त्या अशा गप्प झाल्या. हात धुतले. माझ्याकडून फाइल मागितली आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या कप्प्यांतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवत होत्या. शेवटचा कागद काढल्यावर त्यांनी तो उजेडाकडं धरला आणि तशाच डॉक्टरांकडं चालत गेल्या. चालत म्हणजे जवळजवळ पळतच.

त्या कागदावर लिहिलेलं होतं की जे औषध चालू आहे त्याचा या जंतूंवर काही परिणाम होत नाही. आणि कुठल्या औषधाचा होतो, तेही लिहिलेलं होतं. शेवटच्या कप्प्यात, प्लॅस्टिकखाली, स्वच्छ, न चुरगळलेलं.

सिस्टर कॉरिडॉरमध्ये माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, ही फाइल तुम्ही लावली?" मी हो म्हणालो. "इथं नवा कागद वर लागतो. सगळे वरचाच बघतात." मी म्हणालो, "मला कुणी सांगितलं नाही." त्या म्हणाल्या, "कोण सांगणार? इथं सगळ्यांना माहीतच असतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी उलटून बोललो असतो, डॉक्टरांनी पान उलटायला काय हरकत होती म्हणून भांडलो असतो. भांडायला जागा होतीच. आजही आहे. लॅबनं अहवाल वेळेवर दिला, पण कुणाला फोन केला नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट विचारला, पण वाचला नाही. मी आणला, लावला, आणि हात झटकले. प्रत्येकानं आपापला शिक्का मारला होता. माझा शिक्का म्हणजे ती अनुक्रमणिका.

आक्काला त्याच दिवशी दाखल केलं, औषध बदललं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. बाकी पाऊल राहिलं. मी सर्जनना विचारलं, "औषध पंधरा दिवस आधी बदललं असतं तर?" त्यांनी हातमोजे काढता काढता सांगितलं, "सांगता येत नाही." खरं बोलले असतील. वाचली असती असंही नाही, गेली असती असंही नाही. पण हे 'सांगता येत नाही' मला नुसत्या 'वाचली असती'पेक्षा जास्त छळतं. त्यात उठायचं कुठं आणि बसायचं कुठं तेच कळत नाही.

सिस्टरनी आक्काच्या त्या पायातलं जोडवं गॉझमध्ये गुंडाळून माझ्याकडं दिलं. ते मी खिशात ठेवलं आणि दिवसभर माझा हात त्या खिशात गेला नाही. पुढं आक्कानं दोन्ही जोडवी एकाच पायाच्या बोटांत घातली. दाजी तेव्हा पहिल्यांदा सोलापूरला आले होते, गुरं शेजाऱ्यावर टाकून. ते तिच्या पायाकडं बघत बसले आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, "बापू, तुमी जेवला का?"

त्यानंतर सहा महिने दर आठवड्याला ड्रेसिंग. आक्का आमच्याकडंच राहिली. दर आठवड्याला मी तिला पाठुंगळी घेऊन दोन जिने उतरायचो, रिक्षात बसवायचो, परत आल्यावर चढवायचो. फाइल आता उलट क्रमानं लावलेली होती. लेख मी लिहिला नाही. आकृतीचा तो कागद कुठं गेला मला माहीत नाही, शोधलाही नाही.

आक्का गावी गेली आणि तिथं तिनं भलतंच सुरू केलं. "माज्या भावानं लई पळापळ केली म्हणून पाय र्‍हायला, न्हाईतर गुडघ्यापासनं गेला आस्ता." हळदीकुंकवाला हेच, लग्नात हेच, स्टेशनवर भेटलेल्या बाईला हेच. माझ्यासमोर सांगायला लागली की मी तिच्यावर वसकन ओरडायचो, "पुरे की आता." लोकांना वाटायचं, केवढा विनय. गावात माझ्याकडं लोक अदबीनं बघायला लागले. कुणाला सोलापुरात दवाखान्यात जायचं असलं की आधी मला फोन. मी त्यांना डॉक्टर सुचवत नाही. मी एवढंच सांगतो, नवा कागद वर ठेवा, आणि कुणीही हातात कागद दिला की त्यात काय लिहिलंय ते तिथंच उभं राहून विचारा, तो कितीही वैतागला तरी. लोक म्हणतात, सर फार बारकाईनं सांगतात.

वर्गातही आता मी चादरीनंतर दवाखान्याचं उदाहरण देतो. पळणारा नातेवाईक, नळी, चिठ्ठी, जिना, सगळं रंगवून सांगतो, पोरं हसतात. अहवाल पंधरा दिवस कुणी वाचला नाही, हेही सांगतो. का वाचला नाही, तिथं मात्र मी भराभर पुढं जातो. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, प्रत्येक जण आपलं काम करत होता म्हणता, मग अहवाल नेमका अडकला कुणापाशी?" मी म्हणालो, "व्यवस्थेपाशी." ती म्हणाली, "म्हणजे कुणापाशी सर?" तास संपायला दहा मिनिटं होती. मी हजेरी घ्यायला लागलो.

त्या रविवारी मी जेऊरला गेलो. कुणाला घेऊन नाही, एकटाच. आक्का अंगणात खुर्चीवर बसून तूर निवडत होती. खाली बसून उठायला आता अंगठ्याचा आधार नाही, म्हणून खुर्ची. भांगलायला जाता येत नाही. ढेकळांत तोल जातो, म्हणून रानातही फारसं नाही. आयुष्यभर जिचे पाय रानात होते ती अंगणाच्या कडेला बसून रान बघते. पायात खास बनवून घेतलेला बूट. मी चहा प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो, दाजी गुरांकडं गेले, आणि मग मी सांगून टाकलं. फाइल मी लावली, उलटी लावली, तो कागद शेवटच्या कप्प्यात होता, माझ्यामुळं कुणाला दिसला नाही, पंधरा दिवस चुकीचं औषध पोटात गेलं, आणि एवढी वर्षं मी तुझं कौतुक ऐकून घेतलं.

तिचे हात थांबले नाहीत. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "मला ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

"आरं, ठावं हाय म्हनती न्हवं," ती म्हणाली. "त्या सिस्टरनं मला इचारलं हुतं, फाइल कोन लावतं तुमची? म्या म्हनलं, माजा भाऊ, प्रोफेसर हाय. लई टेचात सांगितलं. मग तिनं समदं कागद काढलं, खालचा वर केला, आन् गप झाली. मला वाचाय येत न्हाई बापू, पन गप झालेलं मानूस कळतं."

माझं डोकं तापलं. कशावर तापलं ते धड सांगता येणार नाही. मी तिच्यावर ओरडलोच, "मग बोलली का नाहीस? गावभर माझं कौतुक कशाला करत फिरलीस?"

"बोलले आस्ते तर तू लाजला आस्तास," ती म्हणाली. "लाजलेला मानूस पुन्यांदा येत न्हाई. तुमचं दाजी गुरं सोडून हलत न्हाईत. मग दर आटवड्याला मला त्या जिन्यावरनं उतरवलं कुनी आस्तं?"

तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं, खुर्चीच्या हाताला धरून उठली, आणि काठी न घेता अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. हळू, डावीकडं कलत, पण आली. बसली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आता माजी मी चालती," ती म्हणाली. "आता बोलाय हरकत न्हाई. लई मोठी चूक केलीस बापू. तीन बोटं गेली माजी."